यूनबाईंचं क्रियापद

‘कन्फ्यूज’ या क्रियापदाशी माझं काही वैर नव्हतं. सांगलीला विजेच्या बोर्डात हेडक्लार्क म्हणून माझी उभी हयात गेली, पण तिथे ते मला कधी लागलं नाही. बिलं बघून गिऱ्हाइकं कन्फ्यूज व्हायची, नाही असं नाही. पण ती मराठीत व्हायची आणि मराठीतच शिव्या द्यायची. निवृत्तीनंतर अमेरिकेत मुलाकडे येऊन राहावं आणि या एका क्रियापदापायी घरात कोबीचा ढीग लागावा, सोसायटीची नोटीस यावी आणि एका वर्दीवाल्याचा हात माझ्यामुळे कमरेच्या पट्ट्याकडे जावा, हे माझ्या पत्रिकेत असेलच तर ज्योतिषाने ते माझ्यापासून लपवलं.

सुरुवात घरातूनच झाली. आमची नात इला निबंध लिहीत होती आणि मी तिचं व्याकरण तपासत होतो. ‘‘आजोबा, नोबडी टॉक्स लाइक दॅट,’’ ती म्हणाली. मी म्हणालो, ‘‘टॉक करत नसतील, पण करायला हवं.’’ यावर आमची सून शिवांगी स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘बाबा, तुमचं इंग्लिश एवढं पर्फेक्ट आहे तर लायब्ररीत व्हॉलंटिअर करा ना. न्यू इमिग्रंट्सना कॉन्व्हर्सेशन शिकवतात तिथे. मी तुम्हाला साइन-अप करून टाकते.’’ इला माझ्याकडे बघत होती. तिच्यादेखत माघार घेणं शक्य नव्हतं. मी हो म्हणालो.

आता एक गोष्ट आधीच सांगतो. मला भीती वाटते. कशाची, हा प्रश्न चुकीचा आहे. हर्नडनला, म्हणजे मुलाच्या गावी, आल्यापासून मला दारावरची बेल, अनोळखी नंबरचा फोन, मागून येणारी पोलिसांची गाडी, ‘सर’ म्हणून हाक मारणारा कोणीही माणूस आणि आमच्या फिरायच्या रस्त्यावरचं चर्चमागचं कब्रस्तान, या सगळ्यांची भीती वाटते. कब्रस्तान टाळण्यासाठी मी लांबचा वळसा घालतो. नंदाला, म्हणजे माझ्या पत्नीला, तो वळसा व्यायामासाठी घेतो असं सांगितलं आहे. ती विश्वास ठेवल्याचं दाखवते.

लायब्ररीत डेब्रा नावाच्या बाई होत्या. अतिशय प्रेमळ, आणि अतिशय भरभर बोलणाऱ्या. त्यांनी हसत हसत मला पुष्कळ काही सांगितलं आणि शेवटी भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, ‘‘यस, यस.’’

हा ‘यस’ जरा समजावून सांगायला हवा. बोर्डात आमचे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर तोंडात पान ठेवून बोलायचे. निम्मं कळायचं नाही. पण ‘साहेब, कळलं नाही’ असं म्हणणारा क्लार्क माझ्या पाहण्यात नाही. ‘हो साहेब’ म्हणायचं, बाहेर यायचं आणि बाकीच्या क्लार्कांना विचारायचं, साहेब काय म्हणाले? त्यांनाही कळलेलं नसायचं. मग सगळ्यांनी मिळून एक अर्थ ठरवायचा आणि कामाला लागायचं. बोर्ड असा चालला, आणि सांगलीत दिवेही लागत होते.

इथे मात्र अर्थ ठरवायला दुसरे क्लार्क नव्हते. मला वाटलं होतं की आपल्याला कोपऱ्यात बसून शिक्षकांचं शिकवणं बघायचं आहे. प्रत्यक्षात मी एका कोरियन बाईंचा इंटरव्ह्यू होईपर्यंतचा एकमेव शिक्षक व्हायला संमती दिली होती.

यूनबाई सत्तरीच्या. अंगाने लहानशा, डोक्यावर पुढे झडप असलेली टोपी, हातात घरच्या पेअरची, म्हणजे नासपतीची, पिशवी. मला पाहताच त्या कमरेत वाकल्या आणि म्हणाल्या, ‘‘टीचर.’’ सबंध नोकरीत माझ्यापुढे कोणी इतकं वाकलं नव्हतं. मीही वाकलो. त्या पुन्हा वाकल्या. डेब्राबाईंनी आम्हाला खुर्च्यांवर बसवलं तेव्हा ते थांबलं.

त्यांची कथा मला त्यांच्या फोनने सांगितली. त्या कोरियनमध्ये बोलायच्या आणि फोन इंग्रजीत लिहून दाखवायचा. सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू त्यांनी एकदा दिला होता. ऑफिसरने काहीतरी लांबलचक विचारलं, त्यांना कळलं नाही, आणि त्या ‘‘यस’’ म्हणाल्या. विचारलं होतं की तुम्ही कधी सरकारी अधिकाऱ्याशी खोटं बोलला आहात का. पुढेही दोन-तीनदा असंच झालं. ऑफिसरने नाइलाजाने थांबवलं आणि पुन्हा या म्हणाला. आता एकच संधी उरली होती. यूनबाईंचे यजमान इथेच गेले, इथेच त्यांना पुरलं. मुलगा टेक्सासला. बाईंना वाटत होतं की या वेळीही चुकलं तर आपल्याला इथून घालवून देतील आणि यजमान इथे एकटे राहतील. फोनवर ती अक्षरं उमटली तेव्हा त्या टेबलाकडे बघत होत्या.

डेब्राबाईंचं म्हणणं असं की बाईंना बाकी सगळं येतं. फक्त एक वाक्य यायला हवं: ‘आय ॲम कन्फ्यूज्ड, प्लीज से अगेन.’ ऑफिसर लोक परत सांगतात, चिडत नाहीत. एवढं एक क्रियापद शिकवा.

मी घरी येऊन तयारी केली. कधी कोणाला शिकवलं नसल्यामुळे माझी तयारी जोरदार झाली. पहिल्या दिवशी मीठ आणि साखर दोन वाट्यांत नेली, दुसऱ्या दिवशी सारख्या दोन छत्र्या. आय कन्फ्यूज धिस विथ दॅट. बाईंच्या फोनने त्यावर एकाऐवजी दोन कोरियन शब्द दाखवले. दोन वस्तूंची गल्लत होण्याला एक आणि मनात गोंधळ माजण्याला दुसरा, असं मला वाटलं. खात्री नव्हती. बाईंनी मान डोलावली. मी विचारलं, ‘‘अंडरस्टँड?’’ त्या म्हणाल्या, ‘‘यस, टीचर.’’ मी वर्तमानकाळ सांगितला, भूतकाळ सांगितला, उत्साहाच्या भरात कर्मणी प्रयोगही सांगितला. ‘‘यस, टीचर.’’ इतकी हुशार विद्यार्थिनी आणि इतका उत्तम शिक्षक एकाच टेबलावर बघून मला भरून आलं.

एके दिवशी शंकेची पाल चुकचुकली. मी ऑफिसरसारखा आवाज काढून भरभर विचारलं, ‘‘मॅडम, आर यू ऑर हॅव यू एव्हर बीन अ रेफ्रिजरेटर?’’

‘‘यस, टीचर,’’ यूनबाई म्हणाल्या.

म्हणजे इतक्या दिवसांचं मीठ, साखर, छत्र्या आणि कर्मणी प्रयोग सगळं वाया. मी फोन पुढे करून विचारलं, कळत नव्हतं तर सांगितलं का नाही? बाई लाजल्या. मग फोनवर उत्तर आलं: शिक्षकाला कळलं नाही म्हणणं म्हणजे तुम्ही नीट शिकवलं नाही असं म्हणणं. मोठ्या माणसाला असं कसं म्हणायचं? त्याचा अपमान होतो.

बाई सांगलीच्या बोर्डात सहज खपून गेल्या असत्या. वाक्य त्यांना पाठ होतं, भिंतीकडे बघून त्या ते छान म्हणत. पण समोर मान द्यायचं माणूस बसलं की ते घशातून वर येत नसे. आणि इंटरव्ह्यूत समोर बसणार होता तो ऑफिसर.

त्यात आमचे शेजारी संजय भेटले. हे मूळचे नागपूरचे, स्वतः वर्क व्हिसावर, आणि इमिग्रेशनच्या प्रत्येक भयंकर बातमीचा पहिला मान त्यांचा. कचऱ्याचा डबा ओढत ओढत त्यांनी माझी सगळी हकिगत ऐकली आणि डबा जागीच उभा केला.

‘‘काका, काय करून राहिले तुम्ही! इंटरव्ह्यूची तयारी म्हणजे लीगल ॲडव्हाइस झाला ना. तुमच्याकडे वकिलीचं लायसन्स आहे का?’’

‘‘मी फक्त क्रियापद शिकवतोय.’’

‘‘तसंच सुरू होते काका. उद्या ती बाई फेल झाली आणि म्हणाली की या टीचरने सांगितलं, तर? तुमचं ग्रीन कार्ड आहे. कशाला रिस्क घेता यार? सोडून द्या.’’

त्या दिवशी जेवण गेलं नाही. ग्रीन कार्ड मी पाकिटातून काढून दोनदा पाहिलं. फोटोतला माणूस आधीच घाबरलेला होता. नंदा म्हणाली, ‘‘अहो, एक शब्द शिकवलात तर कोण तुम्हाला फासावर देतंय?’’ पण फासावर देणार नाहीत एवढ्यावर समाधान मानण्याचा माझा स्वभाव नाही. मी ठरवलं, सरळ फोन करायचा आणि प्रकृतीच्या कारणास्तव शिकवणी बंद करत आहे असं कळवायचं. वाक्यही इंग्रजीत जुळवून ठेवलं.

फोन लावला, पण बाईंनीच आधी बोलायला सुरुवात केली. मागे गलका होता, कोणी तरी भांडी आपटत होतं. बाई आनंदात होत्या आणि भरभर बोलत होत्या. अधूनमधून ‘सॅटर्डे’, ‘युवर हाऊस’ आणि ‘ओके, टीचर?’ असं ऐकू येत होतं. शिकवणी सोडायची आहे तर निदान शेवटचं बोलणं गोड व्हावं म्हणून मी प्रत्येक वेळी ‘‘यस, यस’’ म्हणत गेलो. माझं वाक्य बोलायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात कोरियन चर्चची पांढरी व्हॅन उभी होती, आणि तिच्यातून कोबी उतरत होता. आपला गोल गड्डा नव्हे. लांबट, तान्ह्या बाळाएवढा एकेक. खोक्यांमागून खोकी आमच्या गराजमध्ये आली. पाठोपाठ मोठाली टोपली, मिठाच्या गोण्या, लाल तिखटाच्या पिशव्या आणि कोपरापर्यंत रबरी हातमोजे घातलेल्या पाच-सहा बायका. थंडीच्या तोंडावर कोरियन लोक वर्षभराचं किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, एकत्र बसून घालतात, आणि त्या वर्षी चर्चच्या स्वयंपाकघरात पाणी शिरल्यामुळे टीचरनी मोठ्या मनाने आपलं गराज दिलं होतं. हे मला तेव्हाच कळलं.

‘‘अहो, हे काय?’’ नंदा दारात उभी राहून म्हणाली.

‘‘मी हो म्हणालो होतो.’’

‘‘कशाला?’’

‘‘ते मला आत्ता कळतंय.’’

मला वाटलं आता घरात महाभारत होणार. पण नंदाने आयुष्यभर उन्हाळ्यात पापड-कुरडया घातल्या आहेत. दहा मिनिटं तिने त्या बायकांचं तिखट मिसळणं बघितलं, पदर खोचला आणि एकीच्या हातून टोपलं घेऊन म्हणाली, ‘‘असं नाही, खालून वर घ्या.’’ मराठीत. त्या बाईने खालून वर घेतलं. नंतर नंदाने माशाच्या सॉसची बाटली हुंगली, नाक मुरडलं आणि बोटाने खूण करून आमच्यापुरती बिनमाशाची बरणी वेगळी काढून घेतली. सगळ्यांना सगळं समजलं. कोणी कुठलंही क्रियापद वापरलं नाही.

मी मात्र बाहेर उभा राहून पहारा देत होतो, आणि ज्याची भीती होती तेच झालं. एचओएचा माणूस आला. एचओए म्हणजे आपल्याकडची सोसायटीची कमिटी, फक्त हिला दात असतात. तो गराजकडे बघत म्हणाला, ‘‘सर,’’ आणि पुढे बरंच काही. ‘सर’ ऐकताच माझं डोकं रिकामं झालं होतं. मी म्हणालो, ‘‘यस सर.’’ त्याने पुन्हा काही विचारलं. ‘‘यस सर.’’ तो लिहून घेऊ लागला. शिवांगी आतून धावत आली. ‘‘नो नो नो! इट्स नॉट अ बिझनेस!’’ मी राहत्या घरात विनापरवाना खाद्यपदार्थांचा कारखाना चालवतो आणि तो दर आठवड्याला चालवतो, अशी मी दोन वाक्यांत कबुली दिली होती. नोटीस आलीच. शिवांगीला कमिटीपुढे जाऊन खुलासा करावा लागला, आणि इला घरभर ‘‘आजोबा हॅज अ फॅक्टरी’’ म्हणत फिरत होती. व्याकरण अचूक होतं, त्यामुळे मला काही बोलता आलं नाही.

त्या दिवशी निघताना यूनबाई तिखटाने लाल झालेल्या हातमोज्यांनीच वाकल्या. फोनने सांगितलं: इंटरव्ह्यू बुधवारी आहे. टीचर येतील असं फोनवर म्हणाले म्हणून मी निर्धास्त आहे. मी नंदाकडे पाहिलं. नंदा म्हणाली, ‘‘आता काही प्रकृतीचं कारण वगैरे सांगू नका. बाई किती थरथरतायत बघा.’’ त्या खरंच थरथरत होत्या. मला त्यांची फार दया आली, आणि स्वतःची त्याहून जास्त.

बुधवारी मी गाडी चालवली. एरवी मी देवळापर्यंत आणि पटेलच्या किराणा दुकानापर्यंतच चालवतो. हायवेवर सगळे ट्रक माझ्याच मागे लागले होते. मागच्या सीटवर नंदा, मांडीवर पिशवी घेऊन. शेजारी यूनबाई, ओठातल्या ओठात ‘आय ॲम कन्फ्यूज्ड’ म्हणत. मधे एकदा मला वाटलं की ते आपणच म्हणतो आहोत.

इमिग्रेशन ऑफिसच्या दारात रांग होती. यूनबाई माझ्या मागे उभ्या राहिल्या. शिक्षकाच्या पुढे त्या कधीच चालत नसत. नंदा पिशवी माझ्या हातात देऊन रेस्टरूम शोधायला गेली. आमचा नंबर आला. सहा फुटी गार्ड, काळी वर्दी, कमरेला पट्टा आणि पट्ट्याला बघवणार नाही असं सगळं. त्याने पिशवीकडे बोट दाखवून एका दमात काहीतरी विचारलं. शेवटी ‘सर’ होतं.

‘‘यस सर,’’ मी म्हणालो.

त्याचा चेहरा बदलला. त्याने मान पुढे करून विचारलं, ‘‘से दॅट अगेन?’’

मला वाटलं त्याला ऐकू आलं नाही. म्हणून मी खणखणीत आवाजात म्हणालो, ‘‘यस सर!’’

रांग मागे सरकली. दुसरा गार्ड पुढे आला. पहिल्याचा हात पट्ट्याकडे गेला. माझ्या डोळ्यांपुढे संजय दिसायला लागला. आपण कशाला हो म्हणालो हे विचारायचं होतं, पण ते विचारायला लागणारं वाक्य मला आठवेना. तेच वाक्य, जे मी महिनाभर मीठसाखर घेऊन शिकवत होतो.

इतक्यात माझ्या कोपराखालून एक टोपी पुढे आली. यूनबाई माझ्या आणि त्या गार्डच्या मधे उभ्या राहिल्या. उंचीने त्याच्या पट्ट्याएवढ्या. वाकल्या नाहीत.

‘‘नो!’’ त्या ओरडल्या. ‘‘ही इज कन्फ्यूज्ड! माय टीचर, व्हेरी कन्फ्यूज्ड! प्लीज से अगेन. स्लोली!’’

गार्ड थांबला. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि लहान मुलाला विचारावं तसं सावकाश विचारलं, ‘‘सर. डू यू हॅव अ वेपन इन द बॅग?’’

‘‘नो सर,’’ मी म्हणालो. म्हणजे काय म्हणालो ते मला स्वतःला ऐकू आलं नाही, पण मान आडवी गेली. पिशवी उघडली गेली. आत झाकण गच्च बसलेला स्टीलचा डबा निघाला. त्यावर दोघे गार्ड बराच वेळ विचार करत उभे राहिले. एवढ्यात नंदा आली, तिने डबा काढून घेतला, बुक्की मारून झाकण उघडलं आणि गार्डच्या नाकाखाली धरलं. तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या. गार्डने घेतली नाही, पण हसला. एकंदरीत माझी इज्जत सोडून तिथे कोणाला काही इजा झाली नाही.

बाई आत गेल्या. मी खुर्चीत बसलो. आता भीती माझी नव्हती, त्यांची होती, आणि ती जास्त जड होती. दार उघडलं की मी उठायचो, दुसरंच कोणी आलं की बसायचो. नंदाने पुरी पुढे केली. ती मला नको होती.

शेवटी यूनबाई बाहेर आल्या. टोपी हातात. डोळे लाल. मी उठलो.

‘‘टीचर,’’ त्या म्हणाल्या, ‘‘ऑफिसर स्पीक फास्ट. आय से, आय ॲम कन्फ्यूज्ड, प्लीज से अगेन. ही से अगेन. आय से, नो.’’ मग त्यांनी हातातला कागद छातीशी धरला. ‘‘पास.’’

नंदाने त्यांना मिठी मारली. दोघी रडल्या. मी वर्दीवाल्यांना दिसणार नाही अशा बेताने तोंड फिरवून डोळे पुसले.

परतताना गाडीत बाई मोकळ्या झाल्या होत्या. म्हणाल्या, ‘‘टीचर, फर्स्ट क्लास, आय वॉज कन्फ्यूज्ड. सॉल्ट, शुगर, कन्फ्यूज्ड. अंब्रेला, व्हेरी कन्फ्यूज्ड.’’ मी म्हणालो, ‘‘मी टू.’’ त्यांना हे फार आवडलं. त्या तोंडावर हात ठेवून हसत सुटल्या.

हर्नडन जवळ आलं तसं त्या पुन्हा काहीतरी बोलल्या. भरभर, थोडं कोरियन, थोडं इंग्रजी, हाताने उजवीकडे दाखवत. शेवटी ‘‘ओके, टीचर?’’

माझ्या तोंडात ‘यस’ तयारच होता.

‘‘कोबी असेल तर आधी मला विचारा,’’ मागून नंदा म्हणाली.

मी गाडी कडेला घेतली. घसा साफ केला. म्हणालो, ‘‘मिसेस यून, आय ॲम कन्फ्यूज्ड. प्लीज से अगेन.’’

मग शिक्षिकेने सांगावं तसं एकेक शब्द सुटा करून त्यांनी सांगितलं. माय. हजबंड. इज. हियर. उजवीकडे चर्च होतं आणि त्याच्यामागे ते कब्रस्तान, ज्याला मी रोज वळसा घालतो. त्यांना यजमानांना बातमी सांगायची होती. आणि टीचरची ओळख करून द्यायची होती.

आजूबाजूला संध्याकाळ व्हायला आली होती. कब्रस्तानाच्या फाटकाआड दगड दिसत होते. मला सगळं कळलं होतं, एकही शब्द सुटला नव्हता, आणि भीतीही पुरेपूर वाटत होती.

‘‘यस,’’ मी म्हणालो, आणि गाडी उजवीकडे वळवली.